कान्होजी आंग्रे चाचे होते की समुद्रावरचे जकातदार? भांडण एका कागदाचं होतं

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण, पळसदेव, कुगाव, कांदलगाव या गावांना एक बातमी आता नवी राहिलेली नाही. महसूल खात्याचं पथक पाण्यात उतरतं, चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी पकडतं आणि जिलेटिन लावून जागेवरच उडवून देतं. मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. पाण्याचा मोठा फवारा उडतो आणि बोट बुडते.

मग पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, नदी वाचली पाहिजे. दुसरा म्हणतो, वाळू सापडली काही हजारांची आणि बोट गेली लाखांची, हा कुठला हिशेब? कायद्यात वाळूचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत लावता येतो. पण बोट म्हणजे वाळू नाही. बोट हे माणसाच्या पोटापाण्याचं साधन. परवान्याचा कागद नसलेल्या नावेला नेमकी किती शिक्षा व्हायला हवी?

हा प्रश्न उजनीपेक्षा फार जुना आहे. तीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात याच प्रश्नावरून तोफा चालल्या होत्या. तेव्हा कागद मागणारा माणूस मराठी होता. इंग्रजांनी आपल्या दप्तरात त्याला चाचा म्हणून नोंदवलं आणि पुढे कित्येक पुस्तकांत तो तसाच छापला गेला. त्याचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडलं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गाशी त्यांचा संबंध होता, त्यामुळे कान्होजींचं लहानपण समुद्राच्या वाऱ्यात गेलं. सुवर्णदुर्गाबद्दल एक गोष्ट आजही सांगितली जाते. किल्लेदार फितूर होऊन किल्ला जंजिऱ्याच्या सिद्दीच्या घशात घालायला निघाला होता, तेव्हा तरुण कान्होजींनी त्यालाच कैद केलं आणि किल्ला लढवला. गोष्टीत तिखटमीठ किती आहे हा वेगळा मुद्दा. पण पुढच्या काळात हा माणूस वाट पाहत बसणारा नव्हता, हे मात्र दिसतं.

तो काळ मराठ्यांच्या जिवावर बेतलेला होता. संभाजी महाराजांची हत्या झाली होती, रायगड पडला होता, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले होते. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेब भीमेकाठी, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत छावणी टाकून बसला होता. उजनीचं पाणी आज ज्या नदीतून खाली जातं, तीच ही भीमा. बादशाहीचा सगळा कारभार तिथल्या तंबूंतून चालत होता. अशा वेळी कोकणच्या आरमाराला पगार कोण देणार? १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर कान्होजी आरमाराचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्या हातात किल्ले होते, माणसं होती, पण वरून येणारा पैसा जवळपास नव्हता.

पैसा समुद्रावरच उभा करावा लागणार होता. समुद्रावरचा पैसा म्हणजे जकात आणि दस्तक.

दस्तक म्हणजे परवाना. जहाज कुणाचं, माल कुणाचा, कुठून कुठे चाललाय, हे लिहिलेला शिक्क्याचा कागद. तो फी भरून घ्यायचा आणि अडवलं की दाखवायचा. कागद असेल तर जहाज पुढे जाईल. नसेल तर गलबतं येऊन त्याला बंदरात ओढून नेतील, माल जप्त होईल आणि सोडवायचं असेल तर खंडणी भरावी लागेल.

ऐकायला दांडगाई वाटते. पण ही पद्धत कान्होजींनी शोधून काढली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझची फी किरकोळ असायची, खरी गोम पुढे होती. जहाजाने पोर्तुगिजांच्या बंदरात थांबून जकात भरायची, त्यांनी मनाई केलेला माल न्यायचा नाही, ठरल्यापेक्षा जास्त हत्यारं ठेवायची नाहीत. कार्ताझ नसलेलं जहाज सापडलं तर जहाज आणि माल दोन्ही जायचे. खलाशांना वल्ही मारायला जुंपत, प्रसंगी मारूनही टाकत. एका कागदाच्या चुकीला ही शिक्षा.

आणि कागद असला म्हणून तरी सुटका होती का? १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी सुरतेजवळ 'रहीमी' हे प्रचंड जहाज पकडलं. ते जहाज होतं खुद्द जहांगीर बादशहाच्या आईचं. त्यावर मक्केच्या वाटेवरचे शेकडो यात्रेकरू होते आणि कार्ताझही होता. तरी ते ओढून गोव्याला नेलं. जहांगीरने चिडून दमणला वेढा घालायला लावला. हिंदुस्थानच्या बादशहाच्या आईलासुद्धा समुद्रावर परक्यांचा परवाना घ्यावा लागत होता आणि तो घेऊनही जहाज गेलं, यावरून साध्या व्यापाऱ्याची गत काय असेल ते समजून घ्यावं.

इंग्रज कंपनीही आपले पास देत होती. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्या मुलखात आपलं चालवत होता. म्हणजे सुरतेहून मलबारला निघालेल्या एखाद्या नाखव्याला एकाच किनाऱ्यावर तीन-चार सत्तांचे कागद सांभाळावे लागत. त्यात कान्होजींच्या दस्तकाची भर पडली तेव्हा इंग्रजांना ते सहन झालं नाही. कारण आतापर्यंत कागद मागणारे ते होते. आता कुलाब्याच्या किल्ल्यातला एक मराठा त्यांच्याकडे कागद मागत होता.

खरं भांडण कंपनीच्या स्वतःच्या जहाजांचं नव्हतंच. ते होतं कंपनीच्या झेंड्याखाली जाणाऱ्या इतरांच्या मालाचं. मुंबईत राहणारे देशी व्यापारी, कंपनीचे दलाल, खासगी धंदा करणारे इंग्रज, हे सगळे आपला माल इंग्रजी झेंड्याखाली पाठवायचे. दस्तक नको, जकात नको. कान्होजींचं म्हणणं साधं होतं. कंपनीचा माल असेल तर बोलणी करू, पण दुसऱ्याच्या मालावर आपला झेंडा लावून तो फुकट पार करायचा असेल तर ते चालणार नाही. आजच्या कस्टमच्या भाषेत याला सवलतीचा गैरवापर म्हणतील.

हे आंग्र्यांच्या बाजूचं रडगाणं होतं असं कुणाला वाटेल. पण हाच प्रकार पुढे बंगालमध्ये उघड्यावर घडला. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने कंपनीला वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमधल्या व्यापारावर जकातमाफी दिली. माफी कंपनीच्या मालाला होती. कंपनीच्या नोकरांनी तिचे दस्तक आपल्या खासगी धंद्याला वापरले, इतर व्यापाऱ्यांनाही विकले. शेवटी नवाब मीर कासीमने वैतागून १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली, म्हणजे इंग्रजांची सवलत आपोआप निरर्थक झाली. त्यावरून थेट युद्ध पेटलं. कोकणात कान्होजींनी जे दुखणं पन्नास वर्षं आधी ओळखलं होतं, ते हेच.

आता सगळ्यात गाजलेली जप्ती. ४ नोव्हेंबर १७१२. कारवारहून कंपनीची मिरी घेऊन 'ॲन' नावाचं जहाज मुंबईकडे निघालं होतं. सोबत मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र यॉट होती. आंग्र्यांच्या गलबतांनी त्यांना गाठलं. लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन मारला गेला. त्याची तरुण आणि गरोदर बायको कॅथरीन कैद होऊन कुलाब्याला गेली. मुंबईत हाहाकार उडाला. फेब्रुवारी १७१३ मध्ये ३०,००० रुपये मोजून कैद्यांची सुटका झाली.

कान्होजींचा कितीही अभिमान असला तरी हा प्रसंग जकातवसुलीच्या चौकटीत बसत नाही हे मान्य करावं लागतं. मिरी कंपनीची होती. माणूस मेला. विधवेच्या सुटकेला किंमत लागली. याला दंड म्हणायचं तर दंड कशाचा, हे सांगता आलं पाहिजे. युद्धात हे चालायचं आणि इंग्रजही तेच करायचे, एवढंच फार तर म्हणता येईल. दंड कुठे संपतो आणि लूट कुठे सुरू होते, ती रेघ त्या काळात कुणीच नीट ओढलेली नव्हती.

पण याच प्रसंगातून रेघ ओढण्याचा एक प्रयत्न झाला. सुटकेबरोबरच १७१३ मध्ये तह झाला. कान्होजींनी कंपनीच्या जहाजांना हात लावायचा नाही. बदल्यात इंग्रजांनी आपला झेंडा आपल्याच जहाजांवर लागेल याची जबाबदारी घ्यायची. चाच्याशी कुणी असा करार करत नाही. झेंडा कुणाचा, माल कुणाचा, ही अट घालणारा माणूस लूट मागत नव्हता, त्याला हद्द ठरवून हवी होती.

घरच्या आघाडीवरही तेच वर्ष निर्णायक ठरलं. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांनी तलवारीऐवजी बोलणी केली. १७१४ मध्ये समेट झाला. कान्होजी शाहूंचे सरखेल झाले, १० जलदुर्ग आणि १६ भुईकोट-डोंगरी किल्ले मिळून २६ किल्ले त्यांच्याकडे राहिले. यानंतर त्यांचा दस्तक एका मान्य राज्याच्या सेनापतीचा दस्तक होता. इंग्रजांच्या दप्तरात मात्र ते चाचेच राहिले.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि बोलण्याचे दिवस संपले. देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून पुन्हा कुरबुरी सुरू झाल्या. तुम्ही पकडलेला माल आमच्या माणसाचा, असं मुंबई म्हणायची. तुमच्या माणसाचा असेल, तुमचा नाही, असं कुलाब्याचं उत्तर असायचं. बूनने मुंबईची तटबंदी पुरी केली, लढाऊ जहाजं बांधली. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये 'फ्राम' नावाची तरंगती तोफांची तराफाच बांधून विजयदुर्गावर नेली, तीही फुकट गेली.

मग इंग्लंडच्या राजाचं आरमार आलं. १७२१ च्या अखेरीस कमोडोर टॉमस मॅथ्यूज चार शाही जहाजं घेऊन आला आणि पोर्तुगीज फौजेसह अलिबागजवळ कुलाब्यावर चालून गेला. आंग्र्यांच्या मदतीला शाहूंची फौज आली. हल्ला मोडला. पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह करून टाकला आणि मॅथ्यूज हात हलवत परतला.

मॅथ्यूजची पुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मायदेशी गेल्यावर १७२४ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला चालला. आरोप होता राजाची जहाजं खासगी व्यापाराला वापरल्याचा. ज्या आगळिकीवरून कान्होजी देशी जहाजं अडवत होते, जवळपास त्याच जातीची ही आगळीक. शिक्षा काय झाली? चार महिन्यांचा पगार कापला. पुढे हाच मॅथ्यूज ॲडमिरल झाला.

त्याच्या आधी अवघ्या २३ वर्षांपूर्वी, मे १७०१ मध्ये, लंडनमध्ये कॅप्टन किडला फासावर लटकवलं होतं. किडकडे चाचे आणि फ्रेंच जहाजं पकडण्याची राजाची सनद होती. १६९८ च्या जानेवारीत त्याने मलबारजवळ 'केदा मर्चंट' हे जहाज धरलं. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा होता, पण जहाजाकडे फ्रेंच पास होता, म्हणून ते आपल्या हक्काचं, असा त्याचा बचाव होता. खटल्याच्या वेळी ते पास कोर्टासमोर आलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले. त्या कागदांनी तो सुटलाच असता असं नाही, त्याच्यावर खुनाचाही आरोप सिद्ध झाला होता. तरी एकाला पगारकपात आणि दुसऱ्याला फास, हे अंतर डोळ्यात भरतं.

युरोप आपल्या घरीही जकात चुकवणाऱ्याला काय करत होता ते पाहिलं की कान्होजींची खंडणी वेगळ्या प्रकाशात दिसते. इंग्लंडच्या १६६० च्या नौकानयन कायद्यानुसार परक्या जहाजातून वसाहतींचा माल नेला तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. त्याचे तीन हिस्से व्हायचे. एक राजाला, एक तिथल्या गव्हर्नरला, एक खबर देणाऱ्याला. म्हणजे पकडणाऱ्याचाच फायदा. १७४६ पर्यंत तर हत्यारबंद टोळीने माल उतरवणाऱ्याला मृत्युदंड आणि प्रेत साखळ्यांत टांगण्यापर्यंत कायदा पोचला होता. फ्रान्समध्ये मिठावरचा कर चुकवणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना राजाच्या वल्ह्याच्या जहाजांवर पाठवत. तंबाखूची तस्करी करणाऱ्या लुई मांद्रँला १७५५ मध्ये चाकावर बांधून त्याची हाडं मोडली. लोकांनी त्याची गाणी केली, ते वेगळं.

या सगळ्यांत आंग्र्यांची शिक्षा सौम्य दिसते. जहाज आणि माल अडकवायचे, पैसे आले की सोडायचे. पण तिच्यातही एक मोठी खोट होती. दस्तक घेतला नाही नाखव्याने आणि माल गेला सुरतेच्या वाण्याचा, ज्याने ते जहाज पाहिलंही नसेल. खंडणीचा आकडा चुकीवरून ठरायचा नाही, समोरच्याची ऐपत किती यावरून ठरायचा. आणि दाद मागायची सोय कुठेच नव्हती, कारण अडवणारा, न्याय देणारा आणि पैसे घेणारा एकच होता.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. समुद्रावर त्यांचा पराभव कुणालाही करता आला नव्हता. त्यांच्या मागे मुलांत भाऊबंदकी झाली, दौलतीचे दोन तुकडे पडले. विजयदुर्गाकडे तुळाजी आंग्रे आले. त्यांनी दस्तकाचा आग्रह आणखी कडक केला आणि पेशव्यांशीही बिनसवलं. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळून गेलं. किल्ल्यात सापडलेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. तुळाजींचं उरलेलं आयुष्य मराठ्यांच्याच कैदेत गेलं. कोकण किनाऱ्यावर कागद मागणारं मराठी आरमार पुढे तसं उभं राहिलं नाही. त्यानंतर पास द्यायचा तो मुंबईनेच.

कान्होजींच्या काळात न सुटलेल्या गोष्टी आज कायद्यात लिहिलेल्या सापडतात. भारताच्या १९६२ च्या कस्टम कायद्यात तस्करीचा माल वाहणारं वाहन किंवा जहाज जप्त करता येतं. पण ते भाड्याने माल किंवा प्रवासी वाहणारं असेल तर मालकाला दंड भरून सोडवण्याचा पर्याय द्यावा लागतो आणि तो दंड मालाच्या बाजारभावापेक्षा जास्त असू शकत नाही. जहाज कितीही महागाचं असो, दंडाचं माप मालावरून. शिवाय आपल्या वाहनाचा असा वापर होतोय हे मालकाला माहीत नव्हतं, असं त्याने सिद्ध केलं तर वाहन वाचू शकतं. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला, भारतही त्यात आहे. कस्टमचा दंड चुकीच्या गांभीर्याइतकाच असावा आणि चूक ज्याची, त्यालाच तो लागावा, हे त्यात देशांनी मान्य केलंय. दंडाच्या रकमेत अधिकाऱ्याचा स्वार्थ गुंतू नये, यासाठी उपाय करण्याचं बंधनही आहे. राजा, गव्हर्नर आणि खबऱ्या यांच्या तीन हिश्श्यांनंतर इथवर यायला साडेतीनशे वर्षं लागली.

उजनीच्या बोटींना कस्टमचा कायदा लागू होत नाही, तिथे महसूल खात्याचे नियम चालतात. वाळूच्या उपशाने नदीचं होणारं नुकसानही वाळूच्या बाजारभावात मोजता येत नाही, हे दुसऱ्या तटाने लक्षात घ्यायला हवं. तरी कुगावच्या काठावर बोट उडताना जो प्रश्न विचारला जातो, तो कुलाब्याच्या धक्क्यावर आपला माल सोडवायला आलेल्या व्यापाऱ्याच्याही मनात असणारच.

ज्या मुंबईच्या बंदरातून कान्होजींना चाचा म्हणून तोफा डागायला जहाजं निघाली, तिथेच १९५१ पासून भारतीय नौदलाचा किनारी तळ त्यांच्या नावाने उभा आहे, आयएनएस आंग्रे. बूनला जी खांदेरी घेता आली नाही, त्या बेटालाही आता कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलंय. तिथलं दीपगृह रात्री मुंबईकडे जाणाऱ्या जहाजांना वाट दाखवतं. समाधी अलिबागेत आहे, भर गावात. कुलाबा किल्ला बघायला जाणारे बहुतेक जण तिच्या जवळून जातात आणि भरती-ओहोटीच्या वेळा विचारत थेट किनाऱ्यावर पोचतात.